प्रेस शॉपमधली रोजची कटकट कामाला कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा पॉवर प्रेस (पत्रा दाबून नग पाडणारी मशीन), ६३ ते १५० टन, दोन पाळ्या, तीसेक कामगार. डाय (नगाचा साचा) बदलायला वेळ, बर (नगाच्या कडेला राहणारा धारदार कंगोरा), चुकीचं पॅकिंग (क्लॅम्पखालचा ठोकळा), पान्हा सापडत नाही, असं रोज तेच. ‘अडचणीकडे संधी म्हणून पाहा’ असं सांगणारं एक प्रशिक्षण झालं, दोन दिवस वातावरण छान होतं, तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. सूचनापेटी लावली तर चार महिन्यांत पाच चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या तीन चहाच्या. खर्चाला पैसे नाहीत. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात चहापासून करा. ही चेष्टा नाही. पाच चिठ्ठ्यांतल्या तीन चहाबद्दल आहेत, याचा अर्थ माणसं तुम्हाला जोखत आहेत. प्रेसवरची खरी अडचण लिहायची म्हणजे कुणाची तरी चूक उघडी पडणार, कदाचित लिहिणाऱ्याचीच. ती जोखीम घेण्याआधी माणूस फुकटातली गोष्ट लिहून बघतो, की लिहिल्यावर काही होतं का. चार महिने चहा तसाच राहिला, तेव्हा उत्तर त्यांना मिळालं. चहा गार येत असेल तर थर्मास आणा, पाळीच्या मधे उशिरा येत असेल तर वेळ बदला, आणि ‘अमुक चिठ्ठीमुळे हे बदललं’ असं फळ्यावर लिहा.

उत्साह आधी आणि काम नंतर, हा क्रमच उलटा आहे. हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या जवळपास १२,००० रोजनिशीच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्या दिवशी कामात थोडं का होईना पुढे सरकता आलं, तो दिवस लोकांना सगळ्यात चांगला गेला होता; आणि मागे पडल्याचा परिणाम पुढे गेल्याच्या परिणामापेक्षा जास्त खोल होता. प्रेस शॉपच्या भाषेत सांगायचं तर भाषणाने माणूस हलत नाही, सुटलेल्या अडचणीने हलतो. म्हणून पहिल्या अडचणी अशा निवडा की आठवड्याच्या आत सुटतील.

सूचनापेटी काढून टाका. कुलूप लावलेली, महिन्यातून एकदा उघडणारी पेटी म्हणजे अडचण पुरायची जागा. तिच्या जागी प्रेसच्या रांगेशेजारी एक पांढरा फळा लावा. चार रकाने पुरतात: अडचण, कुणी सांगितली, आज काय करतोय, झालं की नाही. दोन नियम मात्र कडक पाळा. प्रत्येक नोंदीला चोवीस तासांत उत्तर, मग ते ‘नाही, कारण अमुक’ असं असलं तरी चालेल. आणि एका वेळी तीनच अडचणी उघड्या. चौथी लिहायची असेल तर आधी एक बंद करायची. वीस अडचणींची यादी पाहून माणसाला कल्पना सुचत नाहीत, घाम फुटतो.

आता लिहायचं काय, इथे घोडं पेंड खातं. ‘दुसऱ्या पाळीतली पोरं लक्ष देत नाहीत’ ही अडचण नाही, ती तक्रार आहे. ‘क्रेन नाही’ ही अडचण वाटते, पण तो अडचणीचा वेष घेतलेला उपाय आहे. क्रेन परवडत नाही म्हटलं की विचार तिथेच संपतो. तेच जर ‘डाय रॅकपासून प्रेसपर्यंत आणायला १४ मिनिटं लागतात’ असं लिहिलं, तर रॅक हलवता येतो, डायची जागा बदलता येते, ट्रॉली करता येते, आधीच आणून ठेवता येते. वाक्यात काय, कुठे, कधी आणि किती एवढंच हवं. कारण नको, उपाय नको, माणसाचं नाव तर नकोच. आकडा नसेल तर नोंद परत करा आणि मोजायला सांगा. निम्म्या अडचणींचा उलगडा मोजतानाच होतो, हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात दिसेल.

तुमच्या यादीतून पहिला मोठा विषय म्हणून डाय बदलणी घ्या. बर, पॅकिंग, पान्हा हे सगळं तिच्यातच गुंतलेलं आहे, आणि या विषयाइतकी अडचणीतून कल्पना निघाल्याची स्वच्छ उदाहरणं दुसऱ्या कुठल्या विषयात क्वचितच सापडतील.

जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो १९५० मध्ये हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, मोठ्या प्रेस का तुंबतात हे पाहायला गेले होते. ८०० टनी प्रेसवर डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाहून जास्त वेळ शोधत फिरला आणि शेवटी शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट घेऊन तो कापून, आटे पाडून बसवला. त्या हरवलेल्या बोल्टातून शिंगोंनी एक साधा भेद काढला: काही कामं प्रेस थांबल्यावरच करता येतात, काही प्रेस चालू असतानाच उरकता येतात. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत होते, तेच जर्मनीत फोक्सवॅगनमध्ये दोन तासांत होत होतं. सहा महिन्यांत टोयोटाचे चार तास दीड तासावर आले. मग वरून सांगणं आलं की तीन मिनिटांत करा. तीन महिन्यांत तेही झालं.

या गोष्टीतला क्रम लक्षात घ्या, कारण बहुतेक ठिकाणी तो चुकतो. ‘दहा टक्के कमी करा’ म्हटलं की माणसं तेच काम जास्त घाईने करतात. ‘तीन मिनिटांत’ म्हटलं की पळून भागत नाही, पद्धतच बदलावी लागते. अशक्य वाटणाऱ्या आकड्यातून नवी कल्पना निघते हे खरं आहे. पण तो आकडा दीड तासाचा टप्पा गाठलेल्या माणसांपुढे ठेवला होता. पहिल्याच दिवशी तुमच्या पोरांना ‘दहा मिनिटांत डाय’ म्हणाल, तर रजिस्टरमध्ये दहा मिनिटं दिसायला लागतील आणि प्रेसवर सव्वा तासच लागेल.

मोजायचं असं. जुन्या जॉबचा शेवटचा चांगला नग पडला तिथे घड्याळ सुरू, नव्या जॉबचा पहिला पास झालेला नग पडला तिथे बंद. मधे काहीही झालं तरी घड्याळ थांबवायचं नाही, इन्स्पेक्टर जेवायला गेला असला तरी. मोबाइल स्टँडवर लावून पूर्ण बदलणीचं चित्रीकरण करा, पण सेटरला (डाय बसवणाऱ्या कारागिराला) आधी सांगून, आणि ते पहिल्यांदा फक्त त्याला दाखवा. चार-पाच जणांसमोर त्याची धावपळ दाखवलीत तर पुढे तो माणूस कधीच काही सांगणार नाही.

समजा ६३ टनी प्रेसवर एकूण ८२ मिनिटं लागली, आणि ती अशी फुटली: पान्हे, टी-बोल्ट, पॅकिंग शोधणं ११, डाय आणणं १४, जुनी डाय काढणं ९, नवी ठेवून जुळवणं १३, शट हाइट (प्रेसचा वर-खाली होणारा रॅम तळाला असताना डायसाठी उरणारी उंची) लावणं ८, क्लॅम्प आवळणं ९, ट्रायल आणि सुधारणा १८. पाळीत अशा दोन बदलण्या झाल्या तर ४८० मिनिटांतली १६४ गेली, म्हणजे एक तृतीयांश पाळी. हा हिशोब कामगारांसमोर मांडा. मालकाचं नुकसान म्हणून मांडू नका. ‘तुमचा हा वेळ ओझी उचलण्यात आणि शोधण्यात जातो’ असं सांगा, कारण ते तितकंच खरं आहे.

पहिली २५ मिनिटं, शोधणं आणि आणणं, यांना पैसा लागत नाही. काखेत कळसा असतो, फक्त तो कुणाच्या काखेत हे ठरलेलं नसतं. प्रत्येक प्रेसच्या खांबावर एक फळी, तिच्यावर पान्ह्यांच्या आकृत्या रंगवलेल्या, आणि त्या प्रेसचे टी-बोल्ट, नट, क्लॅम्प तिथेच. पुढच्या जॉबची डाय, स्ट्रिप (पत्र्याची पट्टी) आणि गेज आधीचा जॉब संपायच्या अर्धा तास आधी प्रेसशेजारी हजर. हे कुणी करायचं त्याचं नाव पाळीच्या सुरुवातीला फळ्यावर लिहा. ‘सगळ्यांनी बघायचं’ म्हटलं की कुणीच बघत नाही. ट्रॉली केलीत तर तिची वरची पातळी बोल्स्टरच्या (डाय ठेवायच्या पाटाच्या) पातळीला आणा, वर रोलर ठेवा, आणि ती प्रेसला अडकवायला हूक नक्की लावा. दीडशे किलोची डाय ढकलताना ट्रॉली मागे सरकली की डाय पायावर येते.

शट हाइटची ८ मिनिटं खरं तर १ वर येऊ शकतात. समजा एका प्रेसवरच्या डायांच्या बंद उंच्या २१०, २२५ आणि २३८ मिमी आहेत. सगळ्यांना २४० करा, म्हणजे ३०, १५ आणि २ मिमीची भर घाला. रॅमची ॲडजस्टमेंट मग बदलायचीच नाही. वॉशरच्या चळती चालणार नाहीत. खालच्या शूइतकी (डायच्या तळपाटाइतकी) पूर्ण, दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेली प्लेट हवी, कायम बोल्टने बसवलेली. दोन बाजूंत फरक राहिला की एका कडेला बर येतो आणि पंच (डायचा वरचा कापणारा भाग) लवकर बोथटतो. खाली भोक पाडून स्क्रॅप पडत असेल तर प्लेटमध्येही तेवढीच मोकळी वाट ठेवा, नाहीतर स्लग (भोकातून पडलेला तुकडा) अडकून डाय फुटेल. इथे दोन चुका हमखास होतात. एक, सगळी भर खालीच घातली की स्ट्रिपची पातळीही तेवढीच वर जाते आणि फीडर जुळत नाही. भर वर-खाली वाटून ही पातळीही सगळ्या डायांना सारखी ठेवा. दुसरी, पंच आणि डाय प्लेट धार लावून आल्या की बंद उंची कमी झालेली असते. टूलरूममधून परत येणाऱ्या प्रत्येक डायवर नवी उंची कोरून आली पाहिजे, आणि कमी झाली तेवढी शिम (पातळ पट्टी) डायमध्येच बसून आली पाहिजे. हे केलं नाही तर पंधरा दिवसांत सेटर पुन्हा रॅम फिरवायला लागेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

क्लॅम्पच्या बाबतीत विचार करायला सगळ्यात मजा येते, म्हणून हे काम मुद्दाम तरुण पोरांना द्या. एम-१६ (१६ मिमी व्यासाच्या) बोल्टची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २ मिमी. नट ३० मिमी खाली आणायला १५ फेरे. त्यातला आवळणारा फेरा शेवटचा, बाकी चौदा नुसता प्रवास. हे एकदा सांगा आणि प्रश्न सोडून द्या: चौदा फेरे कसे वाचतील? कुणी म्हणेल डायच्या शूला यू-खाच पाडू, बोल्ट आडवा सरकवू. कुणी म्हणेल सगळ्या शूंची क्लॅम्पची जाडी एकच ठेवू म्हणजे एकाच लांबीचा बोल्ट चालेल. कुणी नटापेक्षा लहान भोकाचा, पण बाजूने उघडा वॉशर सुचवेल. शिंगोंच्या कामातही असे यू-वॉशर होते, आणि तुमच्या पोराला ते माहीत नसताना सुचलं तर त्याला तसं सांगा. तुम्ही मात्र दोन गोष्टी तपासा. नटात बोल्टचे आटे किमान बोल्टच्या व्यासाइतके अडकलेले हवेत. आणि बोल्ट डायच्या जवळ, पॅकिंगपासून लांब हवा. उलटा लावला तर सगळा दाब पॅकिंगवर जातो, डाय सैल राहते आणि हजाराव्या ठोक्याला सरकते. पॅकिंग शूच्या पातळीला किंवा केसभर वर असावं, खाली कधीच नको.

‘पैसे नाहीत’ ही अट इथे तुमच्या बाजूने काम करते. प्रत्येक कल्पनेला ठरलेली मर्यादा घाला, उदाहरणार्थ पाचशे रुपये आणि टूलरूमचे दोन तास. भरपूर पैसा असता तर हायड्रॉलिक क्लॅम्पचं कोटेशन आलं असतं आणि विचार थांबला असता. पण मर्यादा शून्य ठेवू नका. शून्य म्हणजे अट नव्हे, तो नकार असतो, आणि माणसांना तो बरोबर कळतो.

राहिली ट्रायलची १८ मिनिटं, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नाजूक भाग. इथे वेळ जातो तो ‘थोडं डावीकडे, थोडं वर’ यात. बोल्स्टरवर मागे एक आणि बाजूला एक पक्का स्टॉपर बसवा, डाय दोन्हींना टेकली की जागा ठरली. रॅममध्ये शँक (डायच्या वरच्या भागाचा दांडा) पकडणारी सी-फ्रेम (समोरून उघडी) प्रेस असेल तर हे स्टॉपर शँकच्या मध्यापासून मोजून बसवा, नाहीतर दोन मालक होतात आणि डाय तिरकी ताणली जाते. प्रत्येक डायची सेटिंग शीट करा: स्ट्रिपचा स्टॉपर किती मिमीवर, फीड किती, कुशनचा (पत्रा खालून धरणाऱ्या गादीचा) दाब किती.

अडचण अशी की हे सगळं तुमच्या जुन्या सेटरच्या हातात असतं. वीस वर्षांत कमावलेला तो ‘हात’ ही त्याची पत असते, आणि तुम्ही ती कागदावर उतरवायला निघाला आहात. तो विरोध करेल, किंवा त्याहून वाईट, मान डोलावेल आणि अर्धंच सांगेल. उपाय एकच चालताना दिसतो: शीट त्याच्याच हातची, खाली त्याचं नाव, आणि नव्या पोरांना शिकवायचं काम अधिकृतपणे त्याचं, त्यासाठी वेळ आणि भत्ता देऊन. तुम्ही इंजिनिअरकडून शीट करून घेतलीत तर ती फाइलमध्ये राहील.

एवढं केल्यावर ८२ मिनिटं पस्तिशीच्या आत येतात, बहुतेक दोन-तीन महिन्यांत. आणि याच वेळी बरेच कारखाने सगळं घालवतात. लहान युनिटमध्ये कामगाराचं घर ओव्हरटाइमवर चालतं. सेटिंग लवकर झालं, उत्पादन वेळेत झालं, ओव्हरटाइम बंद झाला, म्हणजे स्वतःच्या कल्पनेने त्याने स्वतःचा पगार कापला. पुढची अडचण फळ्यावर कोण लिहील? वाचलेला वेळ कशासाठी वापरायचा हे काम सुरू करण्याआधी जाहीर करा. सगळ्यात चांगला वापर म्हणजे बदलण्या वाढवणं: लॉट लहान करा, तयार मालाचा साठा कमी होईल, तुंबलेल्या ऑर्डरी निघतील. त्यातून जे मिळेल त्याचा ठरलेला हिस्सा सगळ्या पाळीला द्या. एकट्याला बक्षीस दिलंत तर कल्पना लपवल्या जातात, आणि सूचनांच्या संख्येवर बक्षीस ठेवलंत तर ‘झाडू बदला’ अशा पन्नास सूचना येतात.

बर येणं, नग रिजेक्ट होणं अशा अडचणींना ‘का’ पाच वेळा विचारायची पद्धत वापरा. टोयोटाचे ताइइची ओनो यांचं मूळ उदाहरण अजून उपयोगी पडतं: मशीन का थांबलं, फ्यूज उडाला, का, बेअरिंगला वंगण कमी, का, पंप नीट ओढत नाही, का, पंपाचा शाफ्ट झिजला, का, गाळणी नाही म्हणून किस आत गेला. फ्यूज बदलला असता तर महिन्याने परत तेच. आपल्याकडे ही साखळी तिसऱ्या ‘का’ला ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ इथे येऊन थांबते. उत्तर म्हणून माणूस आला की पुढचा प्रश्न सक्तीचा करा: ही चूक होऊ शकते अशी सोय का ठेवली होती? स्ट्रिप उलटी घातली जाते का, मग उलटी बसणारच नाही असा एक पिन लावता येईल का? टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांनी माग चालवणाऱ्या बायकांना धाग्यावर डोळे लावून बसायला सांगितलं नाही, धागा तुटला की आपोआप थांबणारा माग केला. साखळी तयार झाली की खालून वर ‘म्हणून’ लावून वाचा. गाळणी नाही म्हणून किस गेला, म्हणून शाफ्ट झिजला… जिथे ‘म्हणून’ अडखळतं तिथे तुम्ही अंदाज केलेला आहे. प्रेसवर जाऊन बघा.

सगळ्या अडचणी मात्र या फळ्यावर आणू नका. पगार उशिरा होतो, ठेकेदार पीएफ भरत नाही, प्रेसला गार्ड नाही, यांना ‘संधी’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्यावर कविता करणं. त्या तुमच्या अडचणी आहेत, तुम्हीच आणि लगेच सोडवायच्या. विशेषतः वेळ कमी करण्याच्या भरात दोन्ही हातांनी दाबायच्या बटणातलं एक दाबून बांधणं, गार्ड काढून ठेवणं हे प्रकार होतात. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरत राहतं आणि की-क्लचच्या (फ्लायव्हीलला चावीने जोडणाऱ्या) जुन्या प्रेसमध्ये रॅम एकदा खाली येऊ शकतो. फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय डायमध्ये हात नाही. ब्लॉक लावायला एखादं मिनिट लागतं. ते वाचवायचं सुचवणारी कल्पना फळ्यावर आली तर तिथेच, कारण लिहून, खोडा.

बैठकीचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, त्या प्रेससमोर उभं राहून. ऑफिसात नको, खुर्चीत बसलं की मालक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. दोन्ही पाळ्यांची माणसं असतील अशी, पाळी बदलायची वेळ धरा, आणि ती पंधरा मिनिटं पगारात धरा. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोजच्या अडचणीचं होतं; नव्याने आलेल्या आयटीआयच्या पोराला पहिल्या पंधरा दिवसांत जे विचित्र वाटतं ते लिहून काढायला सांगा, कारण सोळाव्या दिवसापासून त्यालाही ते दिसेनासं होतं.

पहिल्या आठवड्यात एकच प्रेस, एकच डाय, एकच सेटर घ्या. बाकीच्या पाच प्रेसवाल्यांनी ‘आमच्याकडे कधी?’ असं विचारेपर्यंत तिकडे फळा नेऊ नका.